घोड्याचे सव्वाशे रुपये

सोमवार, ८ जून १९३६. जालना स्टेशन. हजर: माझे वडील, म्हणजे दादा, माय, थोरला भाऊ सखाराम, आणि शेजारचे तुळशीराम काका, कारण आमच्या गावाहून, केदारखेड्याहून, आणणारी गाडी आणि बैल त्यांचे होते. आमची जोडी आदल्या आठवड्यात एकशे दहा रुपयांना विकली होती. सामान: ट्रंक एक, वळकटी एक, दशम्यांचं गाठोडं एक. मी अठरा वर्षांचा, जनावरांचा डॉक्टर व्हायला मद्रासला निघालो होतो.

तुळशीराम काका वाटभर एकच वाक्य घोळवत होते. "बैल इकून बैलाचा डाक्टर! दादा, हिसाब बराबर हाय ना तुमचा?" सखाराम हसला. दादा हसले नाहीत.

दादा स्वतः आसपासच्या गावांतल्या गुरांना औषध द्यायचे. पोट फुगलं, खुरात किडे पडले, वार अडकली, की लोक त्यांनाच बोलावत. त्याचे पैसे ते घेत नसत. ज्याच्या गोठ्यात गेले, त्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. मुक्या जनावराचा पैसा घेतला की हाताचा गुण जातो, असं आमच्याकडे सगळेच मानत. गाडी हलताना दादा खिडकीशी आले आणि म्हणाले, "भाना, पगार सरकारचा घे. जनावरामागं हात पसरू नको." मी मान हलवली. त्या वयात मान हलवायला काही लागत नाही.

जोडीचे पैसे मायने पिवळ्या फडक्यात बांधून, गाठीला हळद-कुंकू लावून दिले होते. "गाठ वाटंत सोडू नको. कालिजाच्या दारातच सोड." मी तिचं ऐकलं. हैदराबादेत गाडी बदलली तरी गाठीला हात लावला नाही. कॉलेजच्या फीच्या खिडकीवर मोठ्या ऐटीत गाठ सोडली आणि निजामाचे चारमिनारचे रुपये ओतले. कारकुनाने एक रुपया उलटासुलटा करून पाहिला आणि सगळी रास माझ्याकडे सरकवली. हे इथं चालत नाही, एवढंच म्हणाला. इंग्रजी मुलखात कलदार रुपया चालतो, आपला हाली नाही, हे केदारखेड्यात कुणाला सुचलंच नव्हतं. हैदराबादेत गाठ सोडली असती तर नीट बदलून मिळाले असते. मद्रासच्या सराफाने वाटेल तो भाव लावला. एवढी मोठी रास हातात घेऊन भिकारी झाल्यासारखा मी खिडकीसमोर उभा होतो. 

पहिलं वर्ष जोडीवर निघालं, पुढची सरकारी वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर. डिग्री मिळाली, हैदराबादेत जनावरांच्या दवाखान्यात नोकरी मिळाली. पहिला पगार ऐंशी हाली. तेवढाच पगार आमच्याच कचेरीतला चार बुकं शिकलेला पेशकार, म्हणजे कारकून, घेत होता. त्याने कधी गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातला नव्हता. माणसांच्या डॉक्टरची तर गोष्टच सोडा. सखारामने पत्रात विचारलं, पगार किती? मी उत्तर दिलं, ठीक आहे.

मग १९४४ साली एका जागीरदाराचा शर्यतीचा घोडा पोटदुखीने लोळू लागला. मला बोलावणं आलं. नळी घालून औषध दिलं, दोन तास फिरवला, घोडा उभा राहिला. मी निघालो तेव्हा त्यांच्या दिवाणजीने पाकीट पुढे केलं. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "डॉक्टरसाब, हुजूर की तौहीन मत कीजिए." न घेणं म्हणजे मालकांचा अपमान. घरी येऊन मोजले. सव्वाशे. महिन्याच्या पगारापेक्षा जास्त, आणि आमच्या जोडीला आलेल्या किमतीपेक्षा पंधरा जास्त! चार वर्षं ज्या डिग्रीची किंमत मला लावता येत नव्हती, ती एका सकाळी वसूल झाली होती. मी कॉटवर बसूनच राहिलो.

यादी केली: दादांना नवी जोडी, मायला लुगडं, सखारामला कोट. पोळ्याला गावी गेलो. पारावर सगळे बसले होते. तुळशीराम काकांचं जुनं वाक्य मी विसरलो नव्हतो. सव्वाशे बांधलेलं मायचं पिवळं फडकं काढून सगळ्यांसमोर सांगितलं, "काका, हिसाब बराबर. एका घोड्याचे सव्वाशे."

कुणी हसलं नाही. काका दुसरीकडे पाहू लागले. दादांनी फडकं उचललं, माझ्या हातात परत ठेवलं.

"हा पैसा इथं चालत न्हाई. ज्याचा त्याला देऊन ये."

तेच शब्द. मद्रासच्या खिडकीचे. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, दोन दिवसांत निवळेल. लुगडं तेवढं पगारातून घेतलं आणि फडकं घेऊन परत गेलो. पैसे खर्चही केले नाहीत आणि परतही केले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात हसनाबादकडे गुरांत बुळकांडी आली. ताप, तोंडाला फोड, रक्ताची हगवण, आणि आठवड्यात गोठा रिकामा. मी साहेबांच्या मागे लागून आपली नेमणूक करून घेतली आणि लस, सुया, बर्फाची पेटी घेऊन केदारखेड्याला आलो. सगळी तयारी चोख होती. दवंडी दिली, वेशीजवळ टेबल मांडलं. एकही जनावर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दारोदार फिरलो. तुळशीराम काकांची गाय तापाने फणफणत होती. तिला आता लसीचा उपयोग नव्हता, पण बैल अजून धड होते.

"काका, बैल तरी टोचून घ्या. जल्दी करा."

"नगं डाक्टर."

"का?"

"तुझ्या हाताला गुण ऱ्हायला न्हाई. त्या घोड्याच्या पैशात गेला तो." टोमणा नव्हता. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "तूच सांगितलंस की पारावर."

चार वर्षांचं शिक्षण, सरकारी शिक्का, पेटीत वितळणारा बर्फ, आणि माझं गाव मला हात लावू देत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती गाय मेली. गावात आणखी दोन गोठ्यांत ताप होता.

दुपारी दादा टेबलापाशी आले. सोबत सखारामचे बैल.

"दिलेस का परत?"

"न्हाई दादा."

"मंग कवा देणार?"

मी लसीची सुई भरली. त्यांनी बैलाचं वशिंड धरलं आणि आपला उजवा पंजा माझ्या मनगटावर ठेवला. "सुई तू धर. हात माझा ऱ्हाऊ दे वर." मग गावाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "सुई पोराची हाय, हात माझा हाय! आणा गुरं!"

तुळशीराम काका सर्वांत आधी आले. मग रांग लागली. अंधार पडेपर्यंत आणि दुसरा दिवसभर, प्रत्येक जनावराला, दादांचा हात माझ्या मनगटावर होता. सत्तरीचा माणूस. एकदाही खाली बसले नाहीत. बर्फ संपायच्या आत लस संपली. टोचलेल्या गुरांपैकी बहुतेक वाचली.

निघताना दादा एवढंच म्हणाले, "घोड्याचं राहिलंय."

हो म्हणालो. हैदराबादेत दवाखाना, बदली, लग्न, पहिली मुलगी. मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. पोलीस ॲक्शननंतर एका दुपारी फडकं घेऊन मी जागीरदाराच्या वाड्यावर गेलो, तर दाराला कुलूप. पहारेकरी म्हणाला, सगळे गेले, कुठे ते माहीत नाही. घोडा? तो तर आधीच विकला.

दादांना हे सांगायचं धैर्य झालं नाही. पुढच्याच वर्षी ते गेले. नंतर हाली सिक्का बंद झाला. बदलून घ्यायची मुदत होती, माझ्या कामांच्या यादीत ती तारीखही होती. पण दुसऱ्याचे पैसे मी कसे बदलून घेणार? मुदत टळू दिली. आता ते हाली रुपये मद्रासला चालत नाहीत, केदारखेड्यात चालत नाहीत, हैदराबादेतही चालत नाहीत.

इथे हैदराबादेत माझं घर आहे, नळ आहे, मुलींची शाळा आहे. गावी गेलो की लोक अजून गुरं दाखवायला आणतात. मी तपासतो, पाणीही न पिता उठतो. सुई टोचताना उजवं मनगट जड होतं. गावाकडचं आता माझं म्हणावं असं तेवढंच उरलं आहे, आणि ते मी जाईन तिथे बरोबर असतं.

नव्या वर्षाच्या वहीत कामं उतरवून घेतली आहेत. छपराची कौलं, मोठीची फी, सखारामला चष्मा. सर्वांत वर, दरवर्षीप्रमाणे: घोड्याचे पैसे परत करणे.