दाजींचा पांढरा सफारी

माझ्या लग्नपत्रिकेत दाजींचं नाव चुकीच्या जागी पडलं. 'समस्त मित्रमंडळ'च्याही खाली, छापखान्याच्या नावाला चिकटून. थोरला जावई, आणि मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरात! मी छापखानेवाल्याच्या सात पिढ्या काढल्या, दाजींचे पाय धरले. पण दाजी मांडवातून उठले ते थेट त्यांच्या गावी, हट्ट्याला जाऊन बसले. पुढं दोन वर्षं त्यांनी माझ्या बहिणीला वसमतला माहेरी पाठवलं नाही. दोन वर्षं! हट्टा ते वसमत अंतर किती, तर आमच्याकडं कुकरची शिट्टी झाली की तिकडं ताटं मांडावीत, एवढं.

त्या दोन वर्षांत मायचा मोतीबिंदू पिकला. सोमवारी नांदेडला ऑपरेशन ठरलं आणि माय अडून बसली.

"लेक आल्याबिगर मी न्हाई टेबलावर चढायची. पट्टी सुटल्यावर आदी तिचं तोंड बघायचंय मला."

मी हट्ट्याला निरोप धाडला. उलट निरोप आला: रविवारी दोघं येतो, जेवतो, मग ठरवतो.

आले. बहिणीनं तिची रेक्झिनची बॅग दाराच्या आत टेकवली आणि तिथंच राहू दिली. आतल्या खोलीत नेली नाही. मी समजलो. दाजी 'हो' म्हणेपर्यंत ती बॅग उघडणार नव्हती. चारची एसटी होती. जेवताना मी पोळीचा तुकडा मोडत होतो वाटीत आणि बघत होतो बॅगेकडं.

आता मधेच चित्राचं सांगायला हवं, कारण सगळी आफत त्यानंच आणली.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. माझ्या लग्नाच्या आधी आम्ही सगळे सिद्धेश्वरच्या धरणावर गेलो होतो, तेव्हाचा एक फोटो घरात होता. सात जण एका रांगेत, जणू फौजदारानं उभे केलेले. मधोमध दाजी, पांढऱ्या सफारीत. धरणाच्या पाण्याला ते इतके भ्यायले होते की कठड्यापासून चार हात लांब उभे होते आणि त्यांच्यासाठी बाकी सहा जणांनाही मागं सरकावं लागलं होतं.

त्या फोटोवरून मी जलरंगात चित्र केलं. फोटोतलं सगळं जसंच्या तसं उतरवलं तर चित्र होत नाही, पंचनामा होतो. म्हणून मी फोटो हातभर लांब धरतो आणि डोळे बारीक करतो. नाकं-डोळे बुजतात, उजेड आणि अंधार तेवढा उरतो. बारीक डोळ्यांना दिसलं ते असं: पाण्याचा काळपट पट्टा आणि त्यावर तो सफारी, वीज पडल्यासारखा पांढरा. मी माणसांचा घोळका उचलून डाव्या कोपऱ्यात नेला, सहा जणांचा मिळून एक ओला तपकिरी डाग केला, वर डोक्यांचे सहा ठिपके दिले, मायचं लुगडं तेवढं लाल ठेवलं. आणि मधला पांढरा पाण्यावरची तिरीप म्हणून राखला. म्हणजे सफारी ठेवला, दाजी काढले. चित्रासाठी काढले, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे त्यांना काढताना माझा ब्रश जरा जास्तच खुशीत होता.

पण चित्र असं उतरलं, असं उतरलं, की गल्लीतली मांजरं दारात येऊन त्या पाण्याकडं बघत जिभल्या चाटायची.

रविवारी सकाळी मी ते चित्र भिंतीवरून उतरवून पलंगाखाली सारलं होतं, देवाशप्पथ. मी जिलबी आणायला गेलो तेवढ्यात मायच्या हाताला भिंत मोकळी लागली. तिनं चाचपडत चित्र शोधून पुन्हा टांगलं. वर तो मूळ फोटो फ्रेमच्या कोपऱ्यात खोचून ठेवला, जावयाला ताडून बघता यावं म्हणून!

जेवणं झाली. दाजी सुपारी कातरत होते.

"जावईबापू, ते चित्र बघा की," माय म्हणाली. "समद्याईच्या फोटोवरून काढलंय त्यानं."

दाजी उठले. आधी फोटो मोजला, बोट लावून. सात. मग चित्र मोजलं. सहा. पुन्हा मोजलं. सहाच. माझ्या छातीचे ठोके औंढ्याच्या देवळात घंटा म्हणून ऐकू गेले असतील.

"मास्तर," दाजी हळूच म्हणाले, "मी कुठं हाय?"

बहिणीच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तसाच राहिला. तिनं एकदा बॅगेकडं बघितलं.

"हे काय दाजी, मधोमध. हा पांढरा."

"हे तर पानी हाय."

"अर्धं झालंय अजून. तुमचं शेवटाला ठेवलं व्हतं. मोठ्या माणसाला घाईत काढावं का?"

"पत्रिकेत बी शेवटालाच ठेवलं व्हतं तुमी." त्यांनी घड्याळ बघितलं. "मंग काढा आत्ता. मी बसून राहिलो हितं. गाडीला टाइम हाय."

मी पकडीनं खिळे उपसून कागद फ्रेमबाहेर काढला आणि फळीवर टाचला. बहिणीनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि वाकता वाकता पुटपुटली, "दादा, नीट काढ. मला ऱ्हायचंय."

जलरंगात पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडतात. चुकलं तर खोडता येत नाही. त्या तिरिपीतून माणूस काढायचा तर तिला हात न लावता भोवतीचं पाणी गडद करत जायचं. मधे जे कोरं उरेल तो माणूस. आणि एकदा गडद केलेलं पाणी परत उजळत नाही. एका फटकाऱ्यात दाजी उमटणार होते, नाहीतर चित्रही जाणार होतं आणि बहीणही.

डावा खांदा निघाला. मान निघाली. दाजींचा सुपारीचा श्वास माझ्या मानेवर. उजव्या बाजूला ब्रश टेकवला आणि निळ्याचा एक टपोरा थेंब फटकाऱ्याच्या टोकाशी साठून छातीकडं सरकायला लागला. पांढऱ्या सफारीवर निळा ओघळ! मी फळी तिरकी केली. थेंब थांबला. विचार करायला लागला. मी ब्रश पिळून कोरडा केला, त्याचं टोक थेंबाला लावलं, आणि थेंब ब्रशमध्ये चढला.

कंबर निघाली. गुडघे निघाले. पुढं पांढरं संपलं होतं. खाली नुसत्या लाटा.

"पाय?" दाजी म्हणाले.

"पाण्यात हायत."

"मी पान्यात काहून उभा हाय?"

शाळेतल्या हरवलेल्या रंगपेट्या उंदरांनी खाल्ल्या म्हणून तपासणीसाहेबांना पटवून देणारा मी, आता उगाच तांब्यात ब्रश खळबळायला लागलो.

"अहो, दिसत न्हाई का?" बहीण मागून म्हणाली. "आमी समदे काठावर भिऊन उभे हाव. तुमीच एकले उतरलात."

दाजी चित्रावर वाकले. मग मिशीवरून बोट फिरवलं.

"तसं दिसून राहिलं खरं," ते म्हणाले. "नाक न्हाई काढलं."

"कोणाचंच न्हाई, दाजी."

त्यांनी पुन्हा मोजलं. सात. दारात गेले, चपला घातल्या आणि बॅग उचलली. बहिणीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि चपलांकडं निघाली. माझ्या हातातला ब्रश तांब्यात पडला.

दाजी चपला घातलेलेच परत आत आले. बॅग मायच्या पलंगाशी ठेवली.

"डोळा उघडस्तोवर ऱ्हा. आन् मास्तर, वाळलं की मिशी काढा त्याला. मी न्यायला येईन तवा बघीन."

ते गेले तेव्हा चारला दहा कमी होते. मी चित्रासमोर बसलो. तिरीप गेली होती. पाणी डांबरासारखं झालं होतं, त्यात एक पांढरा माणूस रोवलेला. मांजरं पुन्हा कधी फिरकली नाहीत. आतून झिपचा आवाज आला, मग बहिणीचा, मायचा, दोघींचा एकदमच.

मायची पट्टी सुटली तेव्हा तिनं आधी लेकीचं तोंड बघितलं, दोन्ही हातांत धरून, गाल चिमटून, वाळली म्हणून दाजींना दोन शिव्या घालून. घरी आल्यावर मग भिंतीकडं नजर गेली.

"अगं माय," ती ओरडली, "ह्यो धरणात कोन बुडून राहिला?"

"हळू बोल," बहीण म्हणाली. बाहेर दाजी तिला न्यायला आले होते आणि चपला काढत होते.