ईस्टरच्या वेण्या

आमच्या मेम्फिसच्या गल्लीत केस विंचरायचे म्हटलं की पोरी पलंगाखाली लपायच्या. मीही लपायचे. माझी आई पाय धरून ओढून काढायची आणि कंगवा असा घालायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आमचे केस दाट, कुरळे, एकमेकांना घट्ट धरून बसणारे. त्यांच्याशी भांडून काही होत नाही, पण हे आमच्या आयांना कोण सांगणार?

पुढे माझ्या शेजारी राहणारी, माझ्याच वयाची व्हर्नेल टगल मात्र पोरींच्या केसांशी भांडायचीच नाही. पोरीला खाली उशीवर, आपल्या दोन गुडघ्यांमध्ये बसवायची. केस ओले करायची, भरपूर कंडिशनर चोपडायची आणि आधी नुसत्या बोटांनी गुंता सोडवायची. टोकांपासून सुरुवात, मग हळूहळू मुळांकडे. गाठीच्या वर केस चिमटीत धरलेले असायचे, म्हणजे ओढ बसली तर तिच्या बोटांना बसावी. आणि पोर ‘थांब’ म्हणालं की हात वर. मग भाजी करपो, नाहीतर दारात पाद्री येऊन उभा राहो.

“अगं, एका डोक्याला दिवस घालवशील,” मी म्हणायचे.

“घालवीन. दिवस माझाय, ऑली. डोकं तिचंय.”

गुंता सोडवायची व्हर्नेल आणि वेण्या घालायची तिची लेक डार्निटा. दर शनिवारी त्या स्वयंपाकघरात दोघींची तोंडं अखंड चालू. “आई, गुंता सोडवतेयस की पोरीचं लग्न लावतेयस?” डार्निटा विचारायची. “तू तुझं बघ. तुझ्या घट्ट वेण्यांनी पोरींच्या भुवया वर ओढल्या जातात,” व्हर्नेल म्हणायची. काय हात होता त्या मुलीचा! ईस्टरच्या आदल्या दिवशी तिने आपल्या लेकीच्या, इमारीच्या डोक्याला चिकटून बारीक वेण्या घातल्या, कपाळापासून वळत वळत थेट कानामागे नेलेल्या. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना सोडून बायका मागे वळून बघत होत्या.

त्याच आठवड्यात डार्निटा कामावर कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणाले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

इमारी आजीकडे राहायला आली, डोक्यावर त्याच वेण्या घेऊन. अशा वेण्या महिना-दीड महिन्यात सोडाव्याच लागतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. व्हर्नेलने तिला उशीवर बसवलं, केसांवर पाणी मारलं. इमारी म्हणाली, “थांब.” हात वर गेले. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मुळांशी नवे केस वाढले, त्यात धूळ बसली, वेण्या एकमेकींत अडकून जटा व्हायला लागल्या. रोज रात्री मात्र व्हर्नेल त्या डोक्याला रेशमी रुमाल बांधायची, जपून, एकेका वेणीवरून बोट फिरवत.

चर्चच्या पायऱ्यांवर आमच्याच गल्लीतली युलाली म्हणाली, “गावच्या पोरींची डोकी सोडवते आणि घरच्या पोरीच्या डोक्यात घरटं.” मी म्हटलं, “तुझा विग आधी सरळ कर, मग बोल.” पण खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच होतं.

“झोपेत सोडव,” मी व्हर्नेलला सुचवलं. “नाहीतर मुळापासून कापावे लागतील.”

“झोपेत? चोरासारखी?”

“आईच्या हातच्या आहेत, म्हणून धरून बसलीय ती.”

“मला सांगतेस, कुणाच्या हातच्या आहेत ते?” ती अशी ओरडली की मी उठून घरी आले.

ऑगस्टात शाळा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी तिने स्वतःच मला हाक मारली. सकाळी रुमाल सोडला, तर कपाळाजवळची एक वेणी मुळासकट गळून त्यातच राहिली होती. इमारी उशीवर बसलेली, मी तिच्या समोर खुर्चीवर.

“बाळा, आता सोडवू दे,” व्हर्नेल म्हणाली. “नाहीतर सगळेच जातील.”

इमारी म्हणाली, “मग रात्री तू काय करशील?”

“म्हणजे गं?”

“रुमाल बांधताना तू वेण्यांवरून हात फिरवतेस आणि मम्मीचं नाव घेतेस. त्या सोडल्या तर तू काय करशील?”

व्हर्नेलचे हात वर गेले. कुणी थांब म्हटलं नव्हतं. तिने ॲप्रन तोंडावर ओढून घेतला आणि रडली. लेकीला पुरताना रडली नव्हती एवढी रडली. आम्ही सगळ्या शहाण्या बायका समजत होतो की पोर आईला धरून बसलीय. ती आजीला धरून बसली होती.

इमारीने मागे हात नेला, आजीचा हात शोधला आणि ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. “सोडव,” म्हणाली.

दुपार सरली तरी काम चालूच होतं. मानेवरची जट सुटेना, ती शेवटी कात्रीने काढावी लागली. बाकीच्या एकेक करून सुटल्या. बोटं टोकांकडून मुळांकडे सरकत होती. पण आयुष्यात पहिल्यांदा व्हर्नेल गाठीच्या वरची चिमूट नीट धरत नव्हती, ओढ पोरीच्या डोक्याला बसत होती. दर थोड्या वेळाने व्हर्नेल विचारायची, “दुखतंय का, बाळा?”

“नाही, आजी.”

व्हर्नेलला तिचा चेहरा दिसत नव्हता. मला दिसत होता. पोरीने खालचा ओठ दातांत धरला होता आणि गालांवरून पाणी गळून फ्रॉक भिजला होता. कानामागची शेवटची वेणी तेवढी राहिली होती. मला राहवेना. मी व्हर्नेलला सांगायला तोंड उघडलं. इमारीने माझ्याकडे बघितलं आणि डोकं न हलवता, नुसतं बोट वर करून मला गप्प बसायला सांगितलं. मी गप्प बसले.