अहोजाहो

मी पाणी पाजलं, तर अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला हात जोडले. "तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

ऐंशीतल्या अण्णांच्या हृदयाची झडप बदलली आहे. ती छान उघडझाप करतेय, असं डॉक्टर मघाशीच सांगून गेले. पण ऑपरेशननंतर शुद्धीवर आलेले अण्णा मला ओळखत नाहीत. या वयात होतं असं कधीकधी, येतील भानावर, असं नर्स रोज म्हणते.

आपल्या भाषेत परकेपणा किती आदबीनं येतो. जन्मभर यांनी मला "ए कार्टे" अशीच हाक मारली, आणि मी चिडत राहिले.

"अण्णा, एकदा कार्टे म्हणा ना."

"छे, छे. चांगल्या घरच्या दिसता. बसा ना, उभ्या का?"

मी बसले, परक्या घरी बसतात तशी, खुर्चीच्या कडेवर.