व्हॉल्व्ह बदलल्यावर बाबांचा आवाज

बाबांच्या वर्षश्राद्धाले आठ दिवस होते. माय म्हणाली, "त्यायचं भजन लाव बरं, मले एकदा ऐकू दे."

बाबा दर शनिवारी मारोतीच्या देवळात भजन म्हणत. त्यातली एकच कॅसेट उरली होती, तीबी शेवटच्या अभंगाची. देवळावरचा भोंगा ज्याच्यावर वाजे, ते काचेच्या व्हॉल्व्हचं मशीन, म्हंजे ॲम्प्लिफायर, बाबांचंच. मी ते बैठकीत मांडलं, टेप अन् घरचा स्पीकर जोडला, व्हॉल्व्ह तापूस्तोर थांबलो. आवाज आला, पण बसका, घोंगडं पांघरून गायल्यासारखा. माय म्हणाली, "हा त्यायचा आवाज नाई."

मशीन घेऊन वाशीमले गेलो. मिस्त्री म्हणाला, "व्हॉल्व्ह थकले भाऊ. आवाज असा हळूहळूच उतरते, रोजच्या माणसाले समजत नाई." नवे टाकले. घरी लावलं तर टाळ न् टाळ वेगळा, बाबांचा श्वाससुद्धा ऐकू आला. मी खूश. मायनं तोंड वाकडं केलं. "हा तर कोणी पोट्टा गाऊन राह्यला."

मंग माहं डोकंच चालेना. जुने लावले, एक जुना एक नवा लावला, पुन्हा नवे लावले. दर वेळी आवाज जरासा बदले, अन् तिसऱ्या दिवशी मलेच समजेना का बाबांचा कोणचा. तीस वर्षं त्यायच्या शिव्या खाल्ल्या, अन् आवाज ओळखता येत नाई. लाज वाटली मले. तो राग मायवर काढला. "कोणचा पाहिजे ते तोंडानं सांग तरी!"

"सांगता आलं असतं तर तुले कायले म्हटलं असतं?" ती म्हणाली. थोड्या वेळानं हळूच म्हणे, "भोंगा कुठी आहे? देवळावर लाव. मी चुलीपाशी बसीन."

तवा कुठं ध्यानात आलं. आमच्या घरच्या सुना भजनात माणसांसमोर बसत नसत. शनिवारी माय मागच्या घरात भजनवाल्यांच्या भाकरी थापे. बाबा घरात कधी गुणगुणलेसुद्धा नाईत. चाळीस वर्षं तिनं त्यायचं गाणं ऐकलं ते भोंग्यातून, चार घरांवरून आलेलं, मागच्या दारानं.

देवळातल्या मंडळींले विचारून शनिवारी संध्याकाळी भोंगा जोडला. तवा मशीनमंधी जुने व्हॉल्व्ह होते का नवे, खरं सांगतो, मले आठवत नाई. कॅसेट चालू केली अन् घराकडं पळत आलो.

माय चुलीपाशी होती. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी पदर डोक्यावर घेतलेला. तव्यावर भाकर होती, परातीत पीठ मळलेलं.

"आता बरोबर आहे का व?" मी विचारलं.

"चूप बस जरा," ती म्हणाली. "आज लवकरच शेवटच्या अभंगावर आले. माह्या भाकरी व्हायच्या आहेत अजून."