पीटी सर आणि शाळेमागची दलदल

आमच्या शाळेला मैदान नाही. आहे ते एवढंच: पाण्याच्या टाकीपासून सायकली लावायच्या जागेपर्यंत फरशी घातलेलं अंगण आणि त्याच्या टोकाला स्वच्छतागृहाची भिंत. या अंगणात पीटी सरांनी एकोणीस वर्षं पोरं पळवली. परिणाम असा की, आमची पोरं कुठल्याही स्पर्धेत वाऱ्यासारखी सुटतात आणि शेवटची रेघ जवळ आली की ब्रेक लावतात. सरांची स्वतःची लेक एकदा शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होती. रेघेच्या चार पावलं अलीकडे तिने भिंतीला टेकवायला म्हणून दोन्ही हात पुढे केले आणि चौथी आली. त्या दिवसापासून मैदानाचा विषय निघाला की सर हातातला घास हातातच ठेवतात.

मी या शाळेची क्लार्क. दरवर्षी शाळा उघडली की सर माझ्या टेबलापुढे हजर. अर्जाचा मजकूर ठरलेला: शाळेमागची दलदल बुजवून मुलांसाठी मैदान करून मिळावे, सदर जागा निरुपयोगी, दुर्गंधीयुक्त व डासांचे माहेरघर आहे. 'माहेरघर' हा शब्द माझा. सरांनी 'आगार' सांगितलं होतं, पण आगार म्हटलं की मला बस आठवते. असे एकोणीस अर्ज पालिकेत गेले. तिथे ते कोणी वाचत होतं की त्यावर भेळ खात होतं, देव जाणे.

यंदा विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि नेमका वरून आदेश आला: आठवीला पाणथळ जागांचं संवर्धन शिकवा, बारा तास, प्रत्यक्ष भेट सक्तीची. मोठ्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं, कोण घेतंय? चित्रकलेच्या सरांची पाठ त्याच क्षणी धरली. भाषेच्या बाईंना चिखलाची ॲलर्जी निघाली. पीटी सर अंगणात असल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. "तुम्हाला मैदानी कामाची सवय आहे," मोठ्या बाई त्यांना म्हणाल्या. ज्याला मैदान नाही त्याला! मी हसू दाबायला हजेरीपट तोंडापुढे धरला.

पहिल्याच तासाला सरांनी आठवीला दलदलीच्या काठावर एका रांगेत उभं केलं आणि लक्ष वेधून घ्यायला शिट्टी फुंकली. जे शिकवायचं होतं ते सगळं उडून गेलं.

"ते गेले ते पक्षी," सर म्हणाले. "लिहा."

"सर, पण त्यांची नावं काय?" आठवीत एक चष्मेवाली आहे. ती प्रश्न विचारते, आणि उत्तर मिळालं तरी थांबत नाही.

"गेलेल्यांची नावं घेऊन काय करायचंय?"

पण माणूस हाडाचा मास्तर. पोरीला उत्तर देता आलं नाही हे त्यांना झोंबलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून पक्ष्यांचं पुस्तक घेऊन गेले. आठवड्याभरात टिबुकली, शेकाट्या, पाणकोंबडी अशी हजेरी सुरू झाली. शिट्टी खिशात गेली. पाणकोंबडीने लव्हाळ्यात अंडी घातली, तर सर माझ्याकडे येऊन अशा आवाजात सांगू लागले की मला वाटलं, लेकीला दिवस गेले.

"डास कमी आहेत हो तिथे," एकदा म्हणाले. "मासे खातात अळ्या. डास आपल्या टाकीत आहेत." माहेरघराचा पत्ता चुकला होता, आणि पत्ता घालणारी मी होते.

सहावा तास होता पाणी धरून ठेवण्याचा. पुस्तकातलं सरांना पटेना. ते म्हणाले, गवत काय पाणी अडवणार? करून बघू. अर्ध्या आठवीला त्यांनी अंगणात लव्हाळं म्हणून दाटीवाटीने उभं केलं, हात पसरून. उरलेली अर्धी आठवी म्हणजे पाणी. पाण्याने फाटकातून सुटायचं आणि मोठ्या बाईंच्या दारापर्यंत पोचायचं. सरांनी घड्याळ लावलं. पाणी लव्हाळ्यात घुसलं, अडकलं, धापा टाकत, माफी मागत, चार मिनिटं दहा सेकंदांनी एकेक करून दाराशी आलं. मग सरांनी लव्हाळं बाजूला केलं. पाणी अकरा सेकंदांत दारात, दारातून आत, आणि मोठ्या बाईंची कुंडी फुटली. मोठ्या बाई जे बोलल्या ते मी लिहीत नाही. मला अजून नोकरी करायची आहे.

सर मात्र कुंडीकडे बघत नव्हते, घड्याळाकडे बघत होते. दलदलीच्या पलीकडे सखल गल्ली आहे. आठवीतली निम्मी पोरं तिथेच राहतात.

आणि त्याच आठवड्यात पालिकेचं पत्र आलं. एकोणीस वर्षांचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं: शाळेमागची जागा भरून मैदान करण्याचा प्रस्ताव आहे, अर्जदाराने सुनावणीला हजर राहावे. अर्जदार चार महिन्यांनी निवृत्त होणार होता. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"आनंद माना की," मी म्हणाले.

"मानतोय ना," ते म्हणाले. चेहरा दाढ काढून आल्यासारखा.

सुनावणी आमच्याच सभागृहात झाली. मोठ्या बाईंना कल्पना सुचली की आठवीलाही बसवावं, म्हणजे बारावा तास भरेल. पालिकेचे साहेब आले, फाईलमधला सगळ्यांत वरचा अर्ज काढला आणि मोठ्याने वाचला. निरुपयोगी. दुर्गंधीयुक्त. डासांचे माहेरघर. मी जमिनीकडे बघत राहिले.

मागून हात वर झाला. चष्मेवाली. "सर, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मग आम्हाला शिकवलंत ते?"

"तेही मीच."

साहेब हसले. सर उठले आणि साहेबांना म्हणाले, "लव्हाळं असताना चार मिनिटं दहा सेकंद. नसताना अकरा."

"हे कसले आकडे?"

"पाण्याचे. या पोरांना घेऊन मोजलेत." कोणीतरी खुसखुसलं. सरांनी तिकडे पाहिलंही नाही. "साहेब, घड्याळ जे सांगेल ते मी आयुष्यभर खरं मानलंय. माझी लेक चौथी आली तेव्हाही मानलं. आता ते माझ्या सोयीचं बोलत नाही म्हणून खोटं कसं म्हणू? पलीकडे घरं आहेत. अर्ज मी मागे घेतो."

साहेबांनी चष्मा काढला. "नीट विचार करा. दुसरी मोकळी जागा या भागात नाही. हे परत गेलं की मैदान विसरा. तुम्हाला नकोय का मैदान?"

"हवंय हो!" सर एवढ्या जोरात ओरडले की मोठ्या बाई दचकल्या. "नको कोण म्हणतंय! पण तिथे नको." आणि त्यांचा आवाज फाटला.

मला त्यांचा भयंकर राग आला. एकोणीस वर्षं माझ्याकडून टाइप करून घेतलं आणि मिळायच्या दिवशी पाणी सोडलं. रडूही येत होतं, त्यामुळे राग जास्तच आला. इतका खरा माणूस रोज माझ्या समोरून जात होता आणि मी त्याला शाळेतला विनोद समजत होते.

साहेबांनी फाईल बांधली. आठवीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" सर त्यांच्यावर खेकसले. "मैदान गेलं तुमचं!"

टाळ्या थांबल्या. चष्मेवाली उभी राहिली. या वेळी तिने हात वर केला नव्हता.

"सर, तुमचं पण गेलं."



"हो," ते म्हणाले. "माझं पण." आणि ते आठवीच्याच बाकावर, तिच्या शेजारी, खाली बसले.