धातूची झडप आणि मेथीची भाजी

माझ्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टर म्हणाले, जनावराच्या ऊतीपासून केलेली काही वर्षांनी पुन्हा बदलावी लागेल. धातूची जन्मभर टिकेल, पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागेल. घरातला पहिला पदवीधर मीच, म्हणून कुणाला न विचारता धातूची सांगितली.

ऑपरेशननंतर छातीतली झडपेची टिकटिक एका जागी बसू देईना. ताकद यावी म्हणून फुलंब्रीहून वहिनी रोज मेथी धाडायची. तपासणीत रक्त घट्ट निघालं. झडपेत रक्ताची गाठ झाली असती तर जीवच गेला असता. डॉक्टर म्हणाले, "एकदम एवढी पालेभाजी? गोळीचा असर उतरतो, सांगितलं होतं ना?"

वहिनी माझ्यावर उखडली, "भावजी, नको म्हणायला काय झालं होतं?"

"विसरलो," म्हणालो. खोटं बोललो. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला समजलंच नव्हतं, अन् पुन्हा विचारायची लाज वाटली होती.