नात्याचा रकाना

डिलाईल रोडला आमच्या चाळीतल्या खोलीत मी ब्लाउज शिवते. साड्यांना फॉल लावायला सहा वर्षं एक जण माझ्याकडे येते. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं. ती बाई म्हणून जगते. तिचा टाका उजेडात धरून शोधावा लागतो. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिच्या हातामुळे टिकली आहेत, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

तिला स्वतःचं पिकोचं मशीन हवं होतं. फॉलच्या कामावर भागत नाही, म्हणून आठवड्यातले दोन दिवस तिला लालबागच्या दुकानांपुढे टाळी वाजवत फिरावं लागायचं. मशीन आलं की ते थांबणार होतं. कर्जासाठी बँकेत दोनदा जाऊन आली. जुन्या कागदावर एक नाव, नव्यावर दुसरं; त्यांनी गोड बोलून वाटेला लावलं. मग आमच्या पतपेढीचा फॉर्म आणला. तिथे जामीनदार सभासद लागतो, आणि मी सभासद.

"त्यात काय, देते की सही," मी म्हटलं. तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं होतं. नात्याच्या रकान्यापाशी ती अडली. "लिही काहीतरी," मी मान वर न करता म्हणाले.

आमच्या पतपेढीची रीत अशी, की कागद कितीही चोख असोत, कारकून चाळीत येऊन गॅलरीत चौकशी करतो. चारचौघांत माणूस खोटं बोलत नाही, असा त्यांचा समज.

तो आला तेव्हा पाण्याची वेळ होती, सगळ्या बाया बाहेर. ती आत फॉल लावत बसलेली. त्याने फॉर्म उघडून मोठ्याने विचारलं, "वहिनी, नातं बहीण लिहिलंय. तुमची बहीण का?"

"अगो बाय, ही कधी झाली?" शेजारीण म्हणाली.

बाया हसल्या. त्यांच्यापेक्षा मोठ्याने मी हसले. वर म्हणाले, "कसली बहीण हो? कामाला येते."

"कर्ज फेडेल ना?"

"ते मी कसं सांगू?"

सहा वर्षांत तिने एक साडी उशिरा दिली नव्हती. एवढंच सांगायचं होतं मला. कारकुनाने काहीतरी खोडलं आणि तो गेला. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी म्हणतात. मी जनाला लाजले आणि मनाची घालवून बसले.

आत गेले तर ती साडीची घडी घालत होती. चहा ठेवू का विचारलं, नको म्हणाली. पिशवीतून माझ्या आधार कार्डाची जास्तीची झेरॉक्स काढून तिने पुढे धरली.

"ठेवा ताई. आता लागणार नाही. उगाच कुणाच्या हाती पडायला नको."

उद्या पतपेढीत जाऊन बोलते, असं म्हणायचं अगदी ओठांवर होतं. मी हात पुढे केला आणि झेरॉक्स घेतली.